आधी स्टॉल, मग लूप: फायटर जेट सिम्युलेटरवर शिकताना

फायटर जेटचं सिम्युलेटर हाताशी आलं की बहुतेकांना पहिल्याच दिवशी मिसाइल सोडायची असतात. मला मात्र विमान हवेत नेमकं कधी साथ सोडतं ते बघायचं होतं, म्हणून शस्त्रांच्या मेन्यूकडे बघितलंही नाही, रिकामं विमान घेऊन उंच गेले आणि स्टॉल करत बसले, म्हणजे पंखाने हवा सोडून विमानाची उचल जाईल असं मुद्दाम करत बसले. कित्येक संध्याकाळी नुसते स्टॉल. आज कुणी मला विचारलं की लूप (आकाशातलं उभं वर्तुळ) कसा मारायचा, इमेलमन कसा करायचा, तर मी आधी विचारते की स्टॉल किती केलेत, कारण एरोबॅटिक्स (हवेतल्या कसरती) म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, पंख हवा सोडायला आलाय त्या काठाकाठाने विमान फिरवून आणायचं असतं आणि तो काठच ओळखीचा नसेल तर लूपच्या पायऱ्या पाठ करून काही उपयोग होत नाही.

सेटअपचं थोडक्यात सांगते. डीसीएस वर्ल्ड हा कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर, स्टिक, थ्रॉटल, पायाखाली रडर पेडल्स (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी म्हणजे रडर) आणि मान फिरवली की कॉकपिटमधली नजर फिरते तो ट्रॅकआयआर. पेडल्स नसतील तर स्टिक पिळून रडर देता येतं हे खरं, पण स्पिनमधून (स्टॉल झालेलं विमान गरगरत पडतं त्यातून) बाहेर येताना रडर पूर्ण एका बाजूला आणि एलरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) अगदी मधोमध असं दोन्ही एकाच वेळी लागतं, पिळता पिळता मनगट कडेला जातंच, त्यामुळे हा प्रकार मनापासून करायचा असेल तर पेडल्स घ्याच. दुसरं म्हणजे स्टिकचा कर्व्ह, म्हणजे स्टिक किती हलवली की विमानाने किती ऐकायचं त्याचं सेटिंग. घरगुती स्टिकची स्प्रिंग हलकी असते आणि दांडा आखूड असतो, त्यामुळे मनात असतं त्यापेक्षा जास्त ओढलं जातं, पिचला (नाक वर-खाली करण्याला) थोडा कर्व्ह दिला की मधल्या भागात बारीक हालचाल जमते. बाकी ग्राफिक्स वगैरे मागाहून.

आता मुद्द्याचं. स्टॉल म्हणजे स्पीड कमी होणं, हे आधी डोक्यातून काढून टाकायचं. समोरून येणारी हवा पंखाला ज्या कोनात भिडते तो अँगल ऑफ अटॅक, सगळे एओए म्हणतात, तो एका मर्यादेपलीकडे गेला की पंखाच्या वरच्या बाजूची हवा चिकटून वाहायची थांबते, सुटते, आणि लिफ्ट, म्हणजे पंखाची उचल, कोसळते. बस इतकंच. स्पीड कितीही असो, नाक कुठेही असो, विमान उलटं असो. हळू उडताना स्टॉल होतो तो एवढ्याचसाठी की कमी स्पीडला तेवढंच वजन उचलून धरायला कोन वाढवत न्यावा लागतो. आणि विमान वळवताना तुम्ही ‘जी’ (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला जोर) ओढता तेव्हा पंखाला वजनाच्या कितीतरी पट उचलायचं असतं, म्हणून स्टॉल स्पीडही वाढतो, जी च्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणजे ४ जी ला दुप्पट, ९ जी ला तिप्पट. हे एक गणित मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवलं होतं आणि पुढच्या सगळ्या प्रकारांत तेच कामाला आलं.

सुरुवात एल-३९ वर केली. चेक बनावटीचं ट्रेनर जेट आहे, पंख जवळजवळ सरळ, कॉम्प्युटर मध्ये नाही, जे हाताने कराल तेच विमान करतं. मीटर सगळे मेट्रिक, ताशी किलोमीटर आणि मीटर. ५००० मीटरवर गेले, थ्रॉटल मागे घेतलं आणि उंची तीच राहील अशा बेताने स्टिक हळूहळू मागे घेत राहिले. इथे घाई करायची नाही, कारण बघण्यासारखं सगळं याच अर्ध्या-एक मिनिटात असतं. स्पीडची सुई ३५०, ३००, २५० अशी उतरत जाते, वाऱ्याचा आवाज कमी कमी होत जातो, नाक वर आलेलं असतं आणि तरीही व्हेरिओमीटर (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा मीटर) शून्याखाली सरकू लागतो, स्टिक हलवली तर विमान आळसावल्यासारखं उशिरा उत्तर देतं. मग दोनशेच्या आसपास कॉकपिट थरथरायला लागतं, खडीच्या रस्त्यावरून गाडी गेल्यावर जसं बारीक बारीक हादरतं तसं, त्याला बफेट म्हणतात. पंखावरून सुटलेली हवा विमानाच्या अंगावर आपटत असते. त्यानंतरही ओढत राहिलं की नाक आपोआप खाली पडतं, बहुतेक वेळा एक पंख आधी.

पंख खाली गेला की हात आपसूक स्टिक उलट्या बाजूला नेतो, रस्त्यावरची सगळी सवय तेच सांगते. आणि नेमकं तेच करायचं नाही. खाली गेलेला पंख उचलायला एलरॉन दिलं की त्या पंखाचा एलरॉन खाली वळतो, म्हणजे आधीच स्टॉल झालेल्या भागाचा कोन अजून वाढतो, तो पंख अजूनच सोडतो आणि विमान गरगरायला लागतं. आधी स्टिक पुढे. थोडीशीच, कोन मोडेल इतकी. मग थ्रॉटल. मग विमान उडायला लागलं की पंख सरळ, आणि सगळ्यात शेवटी हलक्या हाताने नाक वर. एल-३९ च्या इंजिनमुळे हा क्रम अंगात भिनतो, कारण थ्रॉटल पुढे ढकललं तरी इंजिनला आयडलवरून पूर्ण ताकद घ्यायला बरेच सेकंद लागतात, तुम्ही इंजिनच्या भरवशावर नाक धरून ठेवलं तर तोवर शेकडो मीटर गेलेले असतात. स्टिक पुढे केली तर विमान ताबडतोब ऐकतं. आणि बाहेर येताना जमीन बघून घाईने ओढलं की दुसरा स्टॉल तयारच असतो, तो पहिल्यापेक्षा वाईट असतो कारण आता उंचीही कमी असते.

हे इतकं घोटून का घ्यायचं ते सांगते. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ अटलांटिकवर पडलं, २२८ माणसं गेली. स्पीड मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ झाला, ऑटोपायलट सुटला, विमान ३८ हजार फुटांपर्यंत चढलं, स्टॉल झालं आणि साधारण साडेतीन मिनिटांत समुद्रात आलं, आणि त्या वेळातला बराच काळ साइडस्टिक मागेच ओढलेली होती. माणूस पडताना वर ओढतो. शिकवून, परत परत करूनच ते सुटतं, आणि हे परत परत करायला सिम्युलेटरसारखी जागा नाही. त्या अपघाताच्या चौकशीच्या रिपोर्टबद्दल वाचल्यापासून मी स्टॉलकडे खेळ म्हणून कधी बघितलंच नाही.

मग वेगातला स्टॉल, ज्याला ॲक्सिलरेटेड स्टॉल म्हणतात. माझ्या वजनाला एल-३९ सरळ उडताना १९० ला स्टॉल होत असेल तर ४ जी ला ३८० ला होणार. तर मुद्दाम ४०० वर विमान ७०-७५ अंश कलतं केलं आणि ओढलं. स्पीडच्या सुईकडे बघाल तर सगळं आलबेल दिसतं, आणि कॉकपिट मात्र बफेटने हलत असतं, अजून जरा ओढलं की वळणाच्या मधोमध विमान एका बाजूला झटका देऊन उलटतं. स्टिक अगदी बोटभर सोडली की झटक्यात परत उडायला लागतं. मला यातली आवडलेली प्रॅक्टिस म्हणजे त्या हलक्या बफेटवरच वळण धरून ठेवायचं, म्हणजे बफेट गेला तर थोडं ओढायचं, वाढला तर थोडं सोडायचं, आणि मीटरकडे न बघता फक्त आवाजावर आणि थरथरीवर पूर्ण ३६० अंश फिरून यायचं. स्पीड कमी होत जातो तशी स्टिकही सोडत जावी लागते. नाहीतर पंख सोडतोच. बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण हे कराच. खऱ्या विमानात हे बुडाला जाणवतं, सिम्युलेटरवर बूड काहीच सांगत नाही, म्हणून हेडफोनचा आवाज वाढवून ठेवायचा आणि इंजिनचा कमी करता आला तर करायचा, कारण हवेचा आवाज हीच एक जाणीव आपल्याकडे उरते. खुर्चीखाली बसवायचे शेकर मिळतात, ते असतील तर उत्तमच.

स्पिनचं फार लांबवत नाही. स्टॉल होत असताना पूर्ण रडर दिलं की विमान गोल फिरत पडायला लागतं, क्षितिज खिडकीतून पुन्हा पुन्हा जातं आणि डोळे गोंधळतात, म्हणून टर्न इंडिकेटर कुठल्या बाजूला टेकलाय तेवढंच बघायचं. थ्रॉटल आयडल, एलरॉन मध्ये, रडर फिरण्याच्या उलट, स्टिक पुढे. फिरणं थांबलं की रडर लगेच मध्ये, नाहीतर उलट्या बाजूचा स्पिन सुरू. आणि उंचीचा नियम आधीच ठरवून ठेवायचा. माझा नियम असा की १० हजार फुटांच्या खाली विमान ताब्यात नसेल तर विचार करायचा नाही, इजेक्टचं हँडल ओढायचं. सिम्युलेटर आहे म्हणून शेवटपर्यंत झगडत बसलं तर हातांना चुकीची गोष्ट शिकवली जाते, असं माझं ठाम मत आहे.

एवढं झाल्यावर लूप. पहिला लूप मारला तो रशियाच्या प्योत्र नेस्तेरोव्हने, ९ सप्टेंबर १९१३ ला, किव्हमध्ये, न्यूपोर्ट जातीच्या विमानात, आणि सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला चक्क अटकेची शिक्षा झाली, नंतर बढतीही मिळाली म्हणा. आपल्याला तसलं भय नाही. एल-३९ मध्ये मी पूर्ण पॉवर, ताशी ६०० च्या आसपास, आणि ४ जी ने ओढायला सुरुवात करते. क्षितिज खाली जातं, समोर नुसतं आकाश, आणि इथून पुढे समोर बघून काही कळत नाही, म्हणून मान वळवून डाव्या पंखाच्या टोकाकडे बघायचं, ते टोक क्षितिजाशी कसं फिरतंय त्यावर लूप सरळ चाललाय की तिरपा ते समजतं. वर पोचेपर्यंत स्पीड तीनशेच्या आत-बाहेर आलेला असतो. आता ते चिकटवलेलं गणित. स्टॉल १९० ला आणि स्पीड २८५, म्हणजे दीडपट, दीडचा वर्ग सव्वादोन, म्हणजे लूपच्या माथ्यावर पंख फार तर सव्वादोन जी देऊ शकतो. खाली ४ ओढत होतात तेच मनगट वर तसंच धरलं तर डोक्यावर जमीन असताना स्टॉल होणार. म्हणून माथ्यावर स्टिक सोडायची, जवळजवळ तरंगू द्यायचं, डोकं मागे टाकून पलीकडचं क्षितिज कधी येतंय ते शोधायचं, आणि ते आलं आणि स्पीड वाढायला लागला की परत हळूहळू ४ जी पर्यंत जायचं.

लूप बरोबर झाला की नाही ते कॉकपिटमध्ये बसून कळत नाही. मी प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग टॅकव्ह्यू या उड्डाण परत बघायच्या प्रोग्राममध्ये उघडून बाजूने बघायचे. वर ओढलं गेलं की लूप माथ्याशी चिमटल्यासारखा दिसतो, वर फारच सोडलं की माथा सपाट लांबट होतो, आणि एओएचा ग्राफ लावला की कुठे काठ ओलांडला तिथे सरळ खिळ्यासारखं टोक येतं. गोल लूप काढायचा तर खाली जास्त, वर अगदी कमी, परत खाली जास्त असंच ओढावं लागतं, कारण वेग कमी असताना त्याच त्रिज्येला कमी जोर लागतो आणि माथ्यावर गुरुत्वाकर्षणही आतल्याच बाजूला ओढत असतं. ज्या दिवशी माझा ग्राफ टोकांशिवाय आला त्या दिवशी मी कॉकपिटमध्ये जितकी खूश झाले नव्हते तितकी त्या रेषेकडे बघून झाले, खरंच सांगते.

लूप आला की इमेलमन अर्धा आलेलाच असतो. अर्धा लूप, माथ्यावर उलटे असताना अर्धा रोल (पंखांवर अर्धी गिरकी), झालात सरळ, दिशा उलटी आणि उंची वाढलेली. त्यातली एकच खोच अशी की रोल सुरू करण्याआधी स्टिक पुढे करून कोन मोडायचा, कारण माथ्यावर स्पीड कमी आणि ओढलेल्या स्टिकवर एलरॉन देणं म्हणजे वर सांगितलेलंच, स्पिनला आमंत्रण. ज्याच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो तो माक्स इमेलमन पहिल्या महायुद्धातला जर्मन पायलट, त्याच्या फॉकर मोनोप्लेनची ताकद बघता तो आजच्यासारखा करत असेल असं जाणकारांना वाटत नाही.

स्प्लिट-एस त्याच्या उलटा, म्हणजे आधी अर्धा रोल करून उलटं व्हायचं आणि मग खाली ओढून अर्धा लूप पूर्ण करायचा. दिसायला सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात धोकादायक, कारण यात जमीन वाट बघत असते. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. ४५० नॉट्सवर (१ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) सरासरी ५ जी ने ओढलंत तर साधारण ७ हजार फूट लागतात, २५० नॉट्सवर ४ जी ने ३ हजारांच्या आत काम होतं. त्यामुळे आत जाताना स्पीड कमी आणि उंची भरपूर. १४ सप्टेंबर २००३ ला अमेरिकेच्या थंडरबर्ड्स या हवाई दलाच्या कसरतपथकाचं एफ-१६ माउंटन होम तळावरच्या एअर शोमध्ये याच प्रकारात पडलं. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजताना तळाच्या उंचीचा हिशोब चुकला, जमिनीपासून २,५०० फूट हवे होते तिथे १,६७० फुटांवर खाली ओढायला सुरुवात झाली, आणि पायलट जमिनीवर आपटायच्या ०.८ सेकंद आधी इजेक्ट होऊन वाचला. म्हणून सिम्युलेटरमध्येसुद्धा मॅप उघडून खालची जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते बघूनच मी स्प्लिट-एस करते, अल्टिमीटर (उंची दाखवणारा मीटर) तुम्हाला डोंगराची उंची सांगत नाही.

स्टॉल टर्न हा मला फार आवडणारा प्रकार. सरळ वर जायचं, स्पीड संपत आला की रडर देऊन विमान एका पंखावर आडवं फिरवायचं आणि आलो तसं खाली. प्रोपेलरच्या विमानात स्पीड जवळजवळ शून्य झाला तरी पंख्याचा वारा रडरवर येत राहतो, जेटमध्ये तसा वारा नाही, शेपटीवर हवाच नसेल तर रडर कितीही दाबा काही होत नाही. त्यामुळे जेटमध्ये रडर बरंच आधी, स्पीड शिल्लक असतानाच द्यावं लागतं, आणि उशीर झाला तर विमान शेपटीवर मागे सरकतं, तेव्हा सगळे कंट्रोल मधोमध घट्ट धरून नाक पडायची वाट बघायची. शंभर टक्के जमिनीकडे तोंड होतंच, घाबरायचं कारण नाही, उंची मात्र हवी.

इथपर्यंत आल्यावर दुसरी विमानं घेतली. मिग-२१ चा डेल्टा (त्रिकोणी) पंख एल-३९ सारखा स्पष्ट स्टॉल देतच नाही. नाक वर जात राहतं, थरथर वाढत राहते, आणि ड्रॅग (हवेचा विरोध) इतका वाढतो की आफ्टरबर्नर (इंजिनचा जादा जोर) लावूनही विमान नाक वर धरून खाली बसत जातं. तिथे एओएचा वेगळा मीटर आहे, २८ च्या पुढे जायचं नाही, लाल दिवा लागतो. त्या कोनाला रोल करायचा तर एलरॉन नाही, रडर वापरायचं, एलरॉन दिलं तर विमान भलतीकडेच फिरतं. या विमानाने मला पायांनी उडवायला शिकवलं असं म्हणेन.

एफ-१६ म्हणजे वेगळं जग. ते विमान मुद्दाम अस्थिर बनवलंय, कॉम्प्युटरशिवाय ते सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी) वेगात धड उडणारच नाही, आणि तोच कॉम्प्युटर तुम्हाला साधारण २५ अंश एओएच्या आणि ९ जी च्या पुढे जाऊ देत नाही. स्टिक पोटात खुपसा, काही होत नाही. ९ जी ला स्क्रीन कडेने काळी होत येते तेवढंच आपल्याला दिसतं, खरा पायलट मात्र जी-सूट घालून पाय आणि पोट आवळून, ठरलेल्या लयीत श्वास घेत तिथे शुद्धीवर राहत असतो, हे लक्षात ठेवून मी ९ जी फार वेळ धरत नाही. इथे लूप सोपा आहे, इतका की काठाची ओळखच होत नाही. पण तो काठ नाहीसा झालेला नाही. नाक सरळ वर करून स्पीड संपू दिला की कमी स्पीडचा भोंगा वाजतो, कॉम्प्युटर शेपटीला हुकूम देतो पण शेपटीवर हवाच नसते, आणि कोन मर्यादेपलीकडे निसटतो. मग डीप स्टॉल. विमान जवळजवळ आडवं, नाक हळूहळू वरखाली डुलतंय, एओएची पट्टी टोकाला जाऊन चिकटलेली आणि अल्टिमीटर भराभर उलगडतोय. स्टिक पुढे केली तरी काही नाही, कारण कॉम्प्युटरच मध्ये आहे. डाव्या बाजूला मॅन्युअल पिच ओव्हरराइडचं स्विच आहे, ते दाबून धरायचं, आणि नाकाच्या तालात स्टिक चालवायची, नाक वर जाताना मागे, खाली येताना पूर्ण पुढे, दर वेळी झोका मोठा होत जातो आणि एका वेळी नाक खाली पडून तिथेच राहतं. मग स्विच न सोडता स्पीड येऊ द्यायचा, दोनशे नॉट्स दिसेपर्यंत ओढायचं नाही. तालाच्या उलट स्टिक दिली तर झोका मरतो, म्हणून पहिला झोका नुसता बघायचा, हात लावायचा नाही. हे मी ३० हजार फुटांवरून करते आणि दर वेळी तळहाताला घाम येतो.

एफ/ए-१८ तुलनेने समजूतदार. पंखाच्या मुळाशी जे लांब पुढे गेलेले भाग आहेत त्यांच्यावरून भोवरे निघतात आणि त्यामुळे ३० अंशांच्या पुढेही ते विमान नाक वर करून संथपणे चालत राहतं. स्पिनमध्ये गेलं तर स्क्रीनवर आपोआप स्पिनचं पान येतं आणि स्टिक कुठल्या बाजूला द्यायची त्याचा बाण दिसतो. इथे वाचायची शिस्त लागते, बाकी सगळं विमान सांगतं.

आणि शेवटी सुखोई-२७, कोब्रासाठी. व्हिक्टर पुगाचेव्हने १९८९ च्या पॅरिस एअर शोमध्ये ले बुर्जेला तो जगाला दाखवला, विमान पुढे जातंय आणि नाक नव्वद अंशांच्याही पलीकडे, मागे. त्याच्या कितीतरी आधी स्वीडनचे पायलट साब ड्राकेन या लढाऊ विमानावर सुपरस्टॉलमधून (फार मोठ्या कोनातल्या स्टॉलमधून) बाहेर यायचं प्रशिक्षण घेत आणि त्यातून अशीच हालचाल त्यांच्या हाती आली होती, म्हणजे कोब्रासुद्धा स्टॉलच्या अभ्यासातूनच आलेला. सिम्युलेटरमध्ये स्पीड ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास, विमान अगदी सरळ, एओए लिमिटर काढायचं बटण, आणि स्टिक एका झटक्यात पूर्ण मागे. नाक वर उसळतं, आकाश, मग मागचं आकाश, क्षणभर तुम्ही पोट पुढे करून उडत असता आणि उंची जेमतेम बदललेली असते. स्टिक लगेच पुढे आणि नाक परत पडतं. पंख किंचितही कललेले असतील तर विमान बाजूला कोसळतं, स्पीड ५०० च्या वर असेल तर जी चा झटका फार बसतो, ३५० च्या खाली असेल तर नाक वर जाऊन परत यायला जोर उरत नाही. बाहेर येता तेव्हा स्पीड दीडशेच्या आसपास, म्हणजे काही सेकंद तुम्ही नुसते लटकलेले. लढाईत हे उपयोगी की नाही यावर लोक तासन् तास वाद घालतात, माझं मत विचाराल तर ताशी ४०० किलोमीटरचा वेग म्हणजे साधारण २ हजार फूट उंचीइतकी कमाई असते, ती एका झटक्यात उधळून शत्रूसमोर थांबायचं मला पटत नाही. पण स्टॉलच्या इतक्या आत जाऊन पूर्ण ताब्यात परत यायचं, हे करून बघण्यासारखं आहेच.

सध्या एल-३९ वरच परत आलेय, क्यूबन एटसाठी. लूपचा अर्ध्याहून थोडा जास्त (पाच अष्टमांश) भाग, उलटं असतानाच ४५ अंशात खाली, अर्धा रोल, आणि तेच परत उलट्या दिशेने, बाजूने बघितलं तर आडवा आठ दिसला पाहिजे. दुसरा लूप पहिल्यापेक्षा लहान येतोय, टॅकव्ह्यूवर बघितलं तर दुसऱ्या लूपसाठी खाली येताना स्पीड ६०० ऐवजी ५४० च असतो, म्हणजे ४५ च्या रेषेवर मी अजून थोडं जास्त थांबून मगच ओढायला हवंय.